प्रमाणित फिटनेस ट्रेनर होण्याची तयारी: परीक्षा, अभ्यास आणि फ्लोअरवरचा सराव

आपल्याकडे वैद्यकीय व्यवसायासाठी जसा परवाना लागतो, तसा जिममध्ये व्यायाम शिकवण्यासाठी लागत नाही. त्यामुळे पिळदार दंड आणि दोन-तीन वर्षांचा स्वतःचा व्यायाम एवढ्या भांडवलावर अनेक तरुण हे काम सुरू करतात. स्वतःचे शरीर कमावणे ही मेहनतीची गोष्ट आहे, याबद्दल मला आदर आहे. परंतु पंचावन्न वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला व्यायाम देणे ही वेगळी विद्या आहे आणि ती वेगळी शिकावी लागते.

सर्वप्रथम कोणते प्रमाणपत्र घ्यायचे ते ठरवावे. बारावीनंतर, वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की एस (ACE), एनएएसएम, एसीएसएम किंवा एनएससीए या अमेरिकी संस्थांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षेला बसता येते. या चारही परीक्षांना तिकडील एनसीसीए या मंडळाची मान्यता असल्याने मोठ्या जिममध्ये आणि परदेशात त्यांची दखल घेतली जाते. भारतात क्रीडा आणि फिटनेस क्षेत्रासाठीच्या कौशल्य परिषदेचा, म्हणजे एसपीईएफएल-एससीचा, फिटनेस ट्रेनर अभ्यासक्रमही आहे. गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी काम करायचे असेल, तर आधी तो करून दोन वर्षे अनुभव घ्यावा आणि मग आंतरराष्ट्रीय परीक्षेचे शुल्क भरावे, असे माझे मत आहे. आठवड्याच्या शेवटी दोन दिवसांत प्रमाणपत्र हाती देणाऱ्या वर्गांवर मात्र पैसे खर्च करू नयेत.

परीक्षेचे स्वरूप समजले की भीती निम्मी होते. एसच्या परीक्षेत तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि ८०० पैकी ५०० गुणांना उत्तीर्ण होता येते. पुस्तके इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी बिचकतात. त्यांनी दोन रकान्यांची वही करावी: डावीकडे मूळ संज्ञा आणि उजवीकडे आपल्या भाषेतले, रोजच्या हालचालीतून घेतलेले स्पष्टीकरण. उदाहरणार्थ, ‘इसेन्ट्रिक’ म्हणजे स्नायू लांब होत असतानाही भार सांभाळत असतो ती अवस्था, जशी बैठक मारताना खाली जातेवेळी मांडीच्या पुढच्या स्नायूंची होते. तालमीतली बैठक आणि जिममधला स्क्वॉट यांची तुलना करून पाहिली, तर शरीररचनाशास्त्राचा एक धडा तिथेच पुरा होतो. बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघा पंजाच्या बराच पुढे जातो आणि गुडघ्यावरचा भार वाढतो; टाच जमिनीवर ठेवून कंबर मागे नेली की तोच भार नितंबाच्या स्नायूंकडे अधिक जातो. कोणत्या सांध्यात कोणती हालचाल होते आणि ती कोणता स्नायू घडवतो, हे प्रत्येक व्यायामाबाबत न पाहता सांगता येईपर्यंत पुढचे प्रकरण उघडू नये.

सर्वांत जास्त वेळ आरोग्यतपासणीच्या भागाला द्यावा, कारण चूक होते ती इथेच. मी नवीन असताना ज्या जिममध्ये काम करत होतो, तिथे आरोग्याची प्रश्नावली भरून घेण्याची पद्धतच नव्हती. पन्नाशीच्या एका गृहस्थांना मी नाडीचे ठोके मोजत ट्रेडमिलवर वेग वाढवायला सांगत राहिलो, कारण ठोके काही केल्या वाढत नव्हते. ते रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत होते आणि ते औषध ठोक्यांची गती खाली ठेवते, हे मला ठाऊक नव्हते. ते गृहस्थ घेरी येऊन खाली बसले. सुदैवाने पुढे काही झाले नाही, तरी तो दिवस मी विसरलेलो नाही.

ठोक्यांचे गणित प्रत्येक पुस्तकात असते. वय ४० आणि विश्रांतीचे ठोके ७० असतील, तर २२० मधून वय वजा करून कमाल १८०, त्यातून ७० वजा करून राखीव ११०, आणि त्याच्या ५० ते ६० टक्क्यांत ७० मिळवले की १२५ ते १३६ ही मध्यम श्रमाची पट्टी मिळते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला हे गणित लागू पडत नाही. तिथे बोलण्याची कसोटी वापरावी. वाक्य पूर्ण बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम मध्यम श्रमात लागतो. रक्तदाब असलेल्यांना श्वास रोखून वजन उचलू देऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्या क्लायंटला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर व्यायाम ताबडतोब थांबवावा आणि तो शुद्धीवर असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. त्यासाठी ग्लुकोजचा डबा जिममध्ये हाताशी असावा.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत, पुतळ्यावर प्रत्यक्ष शिकावी. केवळ व्हिडिओ पाहून ती येत नाही. छातीवर किमान ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग दोन श्वास, हा क्रम दमलेल्या हातांनीही चुकता कामा नये.

परीक्षेच्या आधी निदान तीन महिने एखाद्या जाणत्या ट्रेनरच्या मागे फ्लोअरवर, म्हणजे जिममध्ये प्रत्यक्ष व्यायाम चालतो तिथे, उभे राहावे. सूचना थोडक्यात आणि समोरच्याच्या अनुभवातल्या शब्दांत देण्याची कला तिथेच येते. डेडलिफ्टसाठी, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलण्याच्या व्यायामासाठी, ‘हिप हिंज करा’ म्हटल्याने सासवडच्या आजींना काही कळणार नाही. ‘दोन्ही हातांत पिशव्या आहेत आणि मागचे दार नितंबाने लोटायचे आहे’ असे सांगितले की त्यांची कंबर आपोआप मागे जाते आणि पाठ सरळ राहते. अशा सूचनाही त्याच वहीत लिहाव्यात.

ट्रेनरच्या कामाची हद्द सुरुवातीलाच ओळखावी. प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांची सर्वसाधारण माहिती द्यावी, पण मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचा आहार आहारतज्ज्ञाकडे सोपवावा. स्टिरॉइडची इंजेक्शने सुचवणे किंवा आणून देणे या कामात आपण कधीही पडू नये, मग पगार कितीही कमी असो आणि क्लायंट कितीही आग्रह करो.

प्रमाणपत्र कायमचे नसते. एसचे दर दोन वर्षांनी २० तासांच्या, तर एसीएसएमचे दर तीन वर्षांनी ४५ तासांच्या पुढील शिक्षणावर नूतनीकरण करावे लागते आणि सीपीआरचे प्रमाणपत्रही त्या वेळी चालू असावे लागते. प्रत्येक कार्यशाळेची पावती आणि दाखला पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये तारखेनिशी लावत जावे, म्हणजे मुदतीच्या आठवड्यात शोधाशोध करावी लागत नाही.