‘बरे केले’ की ‘तारले’? नव्या करारात शिरताना

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, अभ्यासाला घेतला की पहिला गोंधळ रोगी बरे होण्याच्या कथांपाशीच होतो. माझा झाला. मी विज्ञान शाखेतून आलेलो. पहिला निबंध मार्कच्या शुभवर्तमानातल्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकातल्या) पाचव्या अध्यायातल्या रक्तस्राव होणाऱ्या बाईवर होता. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असेल का, हिमोग्लोबिन किती उतरलं असेल, अशी तीन पानं भरली. सरांनी खाली तांबड्या शाईत लिहिलं, “पेशंट तपासायला नव्हता दिला, गोष्ट वाचायला दिली होती.”

मग गोष्ट वाचली. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरायला टेकलेली, येशू तिकडे निघालेला, आणि वाटेत ही बाई गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. ती बारा वर्षं आजारी, मुलगी बारा वर्षांची. एका कथेच्या पोटात दुसरी घालायची ही मार्कची खोडच. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या नियमाने अशी बाई अशुद्ध, तिच्या अंथरुणाला हात लावणाराही अशुद्ध. ज्यांच्या घरात ‘बाहेरची’ हा शब्द होता त्यांना हे वेगळं समजवायला नको. येशू तिला हाक मारतो ती ‘मुली’ अशी. वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवलं आणि दुखणं वाढलंच, हे मार्क फटकन लिहून टाकतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक तेच सौम्य करतो. परंपरा लूकला वैद्य मानते, तेव्हा काय ते समजा!

खरी गंमत येशू तिला म्हणतो त्या पुढच्या वाक्यात. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ ग्रीकमध्ये क्रियापद ‘सोझो’: वाचवणे, तारणे, बरे करणे, सगळं त्यातच. लूकच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या बाईलाही हेच वाक्य, शब्दाला शब्द. तिला तर कसलाच आजार नाही. मराठीत तिथे ‘तारले’ येतं आणि धागा तुटतो. म्हणून सांगतो, ग्रीकला घाबरू नका. आधी नुसती मुळाक्षरं शिका आणि हा एक शब्द कुठे कुठे येतो ते शोधा.

‘खरंच घडलं का हे?’ असं घरचे विचारतीलच. ग्रीसमधल्या एपिदॉरसला अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळातही बऱ्या झालेल्यांच्या हकिगती शिळांवर कोरलेल्या आहेत. देव रोग बरे करतो, यात त्या काळी नवल नव्हतं. म्हणून मी आधी विचारतो, ही गोष्ट इथेच का ठेवली?

मत्तय, मार्क, लूक ही तिन्ही शुभवर्तमानं शेजारीशेजारी रकान्यांत छापलेली प्रत मिळवा, रंगीत पेन्सिली घ्या. सुरुवात मार्क आठमधल्या बेथसैदाच्या आंधळ्यापासून करा. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात; दुसऱ्यांदा हात ठेवावा लागतो. मत्तय आणि लूकचे रकाने इथे कोरे, ही गोष्ट त्यांच्याकडे नाहीच. पुढच्याच ओळींत शिष्य पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो, आणि लगेच येशूकडूनच ‘सैताना, माझ्यामागे जा’ ऐकून घेतो. त्यालाही अजून झाडंच दिसत होती.