५जी आलं, तरी हजेरी का अडते? नाशिकच्या कारखान्यांनी या चुका टाळा

सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांत आता हजेरी मोबाइलवर लागते. रजेचा अर्ज, ओव्हरटाइमची (ओटीची) मंजुरी, पगार स्लिप, सेफ्टी ट्रेनिंगचे व्हिडिओ, सगळं एकाच ॲपमध्ये असतं. देशात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं, मग ते नाशिकमध्येही पसरलं, आणि एचआर सॉफ्टवेअर विकायला येणारा प्रत्येक जण सांगू लागला की नेट आता फास्ट आहे, काही अडणार नाही. तरीही पगाराच्या आठवड्यात टाइम ऑफिसच्या खिडकीशी माणसं उभी असतातच. कुणाचा लेट मार्क चुकीचा, कुणाचा अख्खा दिवस गायब. वेगवान नेटवर्कमुळे नोंद सर्व्हरवर लगेच जाते हे खरं, पण चुकीची नोंदही तितक्याच लगेच जाते आणि कुणी बघायच्या आत पगारात उतरते.

ऑफिसच्या खिडकीत रेंज तपासणं

ॲप निवडताना चाचणी होते ती एचआरच्या टेबलावर, आणि कामगार पंच करतो, म्हणजे हजेरी लावतो, ते शेडमध्ये. आपल्याकडचं ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं. या लहरी भिंतीतून कमीच आत शिरतात आणि पत्र्याची शेड तर त्यांना जवळपास बाहेरच ठेवते. त्यात पहिली पाळी सुटून दुसरी भरते तेव्हा शे-दोनशे फोन एकाच वेळी त्याच टॉवरकडे धावतात. चाचणी घ्यायची तर त्याच वेळेला, त्याच जागी, आणि कामगारांकडे असतात तसल्या साध्या फोनवर घ्या.

स्पीड टेस्टमधला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. हजेरी लावताना चेहऱ्याचा फोटो पाठवणं हे अपलोडचं काम. ५जीमध्ये एकाच पट्ट्यात डाउनलोड आणि अपलोड आळीपाळीने चालतात आणि त्यातला मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. ॲप मूळ चार-पाच एमबीचा फोटो पाठवत असेल तर गर्दीच्या वेळी ते अडकणारच. फोटो लहान करून पाठवा, असं सॉफ्टवेअरवाल्याला स्पष्ट सांगा. शंभर-दोनशे केबीत काम भागतं.

रेंजच्या काठावर फोन ५जी आणि ४जीमध्ये उड्या मारत राहतो आणि नेमका तेव्हाच पंच लटकतो. सेटिंगमध्ये तेवढ्यापुरतं फक्त ४जी ठेवलं की अनेकदा नोंद लगेच जाते. हजेरीला ५जीचा वेग लागतच नाही, तिला न तुटणारी रेंज लागते.

वायफायवरचं ‘५जी’ वाचून फसणं

राउटरच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं ते वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याबद्दल. मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. भिंतीवरची बरीच बायोमेट्रिक मशीन फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नवा राउटर बसवला आणि मशीन जोडलंच जात नाही, अशी तक्रार आली की आधी राउटरमधला २.४चा पट्टा चालू आहे का ते पाहा. मशीन बदलायचा खर्च पुष्कळदा तिथेच वाचतो.

दुसरी अडचण लहान वर्कशॉपना येते. केबल काढून एअरफायबरसारखं ५जीवरचं कनेक्शन घेतलं की अशा जोडणीला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. मग पुण्या-मुंबईत बसलेलं सॉफ्टवेअर बाहेरून मशीनपर्यंत पोचून नोंदी खेचत असेल, तर ते बंद पडतं. मशीनमध्ये क्लाउड किंवा पुशची सेटिंग असेल तर ती चालू करा, म्हणजे नोंदी मशीन स्वतः पाठवेल. कनेक्शन बदलण्याआधीच हे विचारून घ्या.

नेट फास्ट, म्हणजे लोकेशन अचूक असं समजणं

लोकेशन येतं ते मुख्यतः जीपीएसवरून. जीपीएसला मोकळं आकाश लागतं, पत्र्याखाली ते सरकतं. ॲपमध्ये गेटभोवती ५० मीटरचं वर्तुळ आखून तेवढ्यातच हजेरी घेतली तर आत उभा असलेला माणूसही ‘आवाराबाहेर’ दिसतो. वर्तुळ मोठं करा, किंवा पंच गेटवर उघड्यावर घ्या. पेठ-सुरगाण्याकडे किंवा कसारा घाटातून फिरणाऱ्या सेल्सच्या मुलांसाठी ॲपने नोंद फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवायला हवी. ही सोय नसलेलं ॲप फिरतीच्या कामाला घेऊच नका.

नोंद पोचल्याची वेळ हीच हजेरीची वेळ धरणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं आणि ते होतं कामगाराचं. माणसाने ६ वाजून ५५ मिनिटांनी पंच केला, शेडमध्ये रेंज नव्हती, नोंद सर्व्हरवर पोचली ७ वाजून १२ मिनिटांनी. सिस्टीमने लेट मार्क लावला. असे तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा, असा नियम अनेक ठिकाणी ॲपमध्येच बसवलेला असतो. सुपरवायझरला पत्ता नाही, कामगाराला तर पगार हातात आल्यावरच कळतं.

उपाय अवघड नाही. पंच केल्याची वेळ आणि नोंद पोचल्याची वेळ, असे दोन वेगळे रकाने रिपोर्टमध्ये हवेत, आणि पगार पहिल्यावर ठरावा. फोनचं घड्याळ कुणी मागे करेल ही भीती रास्त आहे. म्हणून फोनची आणि सर्व्हरची घड्याळं जुळत नसतील तेवढ्याच नोंदी बाजूला निघाव्यात आणि सुपरवायझरने त्या डोळ्यांनी पाहाव्यात. मूठभर लोकांवरच्या संशयापायी सगळ्यांची वेळ कापणं मला अन्यायाचं वाटतं.

कपात आपोआप होऊ देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. म्हणजे दुरुस्तीला हाताशी चार-पाच दिवसच उरतात. ओटीचा दर किमान दुप्पट आहे, त्यामुळे संध्याकाळचा ‘आउट’ पंच हरवला तर फटका मोठा बसतो. हजेरीचा तक्ता महिनाअखेरीच्या आधीच प्रत्येकाला मराठीत, आणि परप्रांतीय कामगारांना हिंदीत दाखवा. तक्रारीसाठी ॲपमधल्या बटणावर विसंबू नका, एक माणूस नेमा आणि त्याचं नाव गेटवर लावा.

सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं

नेट फास्ट झाल्यापासून नव्या माणसाचं आधार, पॅन, बँक पासबुक ठेकेदाराच्या ग्रुपवर येऊन पडतं आणि तिथेच राहतं. पगार स्लिपचंही तेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम कारखान्यालाही धरून आहेत; ते टप्प्याटप्प्याने लागू होतात, मुख्य बंधनं मे २०२७ पासून. ती लागू झाल्यावर माहितीच्या सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. जिथे चालतं तिथे मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) आधार घ्या, कागद थेट ॲपमध्ये चढवा, ग्रुपमधून काढा. पाळी संपल्यावर लोकेशन बंद होतं का, तेही तपासा. घरी गेलेल्या माणसाचा माग ठेवायचा कारखान्याला काही अधिकार नाही.

रिचार्ज संपला म्हणून गैरहजर

कंत्राटी कामगाराचा रिचार्ज संपतो, फोन पडून फुटतो, कुणाकडे बटणांचाच फोन असतो. हजेरीसाठी लागणारा डेटा त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा, हेही बरोबर नाही. गेटवर सिक्युरिटीजवळ कंपनीचा एक टॅब ठेवा, त्याला कंपनीचंच वायफाय द्या. टॅबही बंद पडला तर सुपरवायझरच्या सहीचं रजिस्टर असू द्या, आणि त्यातली नोंद त्याच दिवशी सिस्टीममध्ये कोण भरणार, ते आधीच ठरवून ठेवा.