पडद्यासमोर कोण बसणार आहे?

"सर, गावातले लोकं बी यायलेत. गेट लावून घेऊ का?"

आमच्या ग्रंथालयातल्या परिचर मामांनी हे विचारलं तेव्हा मला ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज. ऊसतोड कामगारांवरचा एक माहितीपट त्या संध्याकाळी सेमिनार हॉलमध्ये लावला होता. समाजशास्त्राच्या मॅडमनी पेनड्राइव्ह आणला, मी प्रोजेक्टर दिला आणि मुलांनी पोस्टर करून थेट बसस्टँडवर चिकटवलं: 'सर्वांना मुक्त प्रवेश'. मामांना मी म्हणालो, "कशाला लावता? येऊ द्या की." हॉल भरला, मागे लोक उभे राहिले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या दिवशी तो माहितीपट करणाऱ्या बाईंचा फोन आला. आमचं पोस्टर फेसबुकवर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलं होतं. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. "वर्गात मुलांना दाखवला असता तर मी फोनही केला नसता," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या गावाला आवतण दिलंत. आणि तुमच्याकडे प्रत आली कुठून?" प्रत कुठून आली ते मलाही माहीत नव्हतं.

बी.लिब., एम.लिब. करताना आमच्याकडून द्विबिंदू वर्गीकरण घोटून घेतलं होतं, ड्यूईचे आकडे तोंडपाठ होते, सेटही निघाली होती. कॉलेजात चित्रपट कुणाला विचारून दाखवायचा, यावर एक तासिका झाली नव्हती. तुम्हीही आत्ताच कुठे रुजू झाला असाल तर हे काम तुमच्याकडे येणारच. डीव्हीडीचं कपाट ग्रंथालयात, प्रोजेक्टरची चावी बहुतेक ठिकाणी ग्रंथालयात आणि 'कॉपीराइटचं तुम्हीच बघा' हे वाक्यही ग्रंथपालालाच ऐकायला मिळतं.

प्रत आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गाठ आधी सोडवून घ्या. सामाईक विहिरीत तुमची पाण्याची पाळी असते. त्या पाळीत स्वतःचं रान भिजवा, पण ते पाणी शेजारच्या शिवारात सोडायचं तर बाकीच्यांना विचारावं लागतं. डीव्हीडी विकत घेतली की ती घरी बघण्याची पाळी मिळते. चार लोकांत दाखवण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाकडेच राहतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १४ व्या कलमात चित्रपटाची प्रत काढणं, ती विकणं किंवा भाड्याने देणं आणि तो लोकांपर्यंत पोहोचवणं हे हक्क वेगवेगळे मांडले आहेत. जुन्या इंग्रजी डीव्हीडी सुरू झाल्या की एक पाटी यायची: ही प्रत फक्त घरगुती वापरासाठी, क्लब, हॉटेल, इस्पितळ, तुरुंग, शाळा आणि समुद्रातल्या तेलविहिरी इथे दाखवू नये. तेलविहिरीचं आम्हाला हसू यायचं. तिच्या शेजारीच 'शाळा' लिहिलेलं असायचं, तिकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता सवलतीकडे. ती आहे आणि चांगली ऐसपैस आहे. कलम ५२, पोटकलम १, खंड 'जे' पाठच करून ठेवा. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षकांत फक्त त्या संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही. संस्थेच्या 'उपक्रमांचा' भाग असा शब्द आहे, 'अध्यापनाचा' असा नाही. म्हणजे अभ्यासक्रमात नसलेला चित्रपट फिल्म क्लबने संध्याकाळी आपल्याच मुलांना दाखवला तरी चालतं. मात्र सगळा भार प्रेक्षकांवर आहे. तिकीट नव्हतं, नफा नव्हता, हेतू चांगला होता, ही कारणं या खंडात कुठेच नाहीत. त्याच कलमात पुढे हौशी मंडळांनी फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगांना सूट आहे आणि अनेक प्राध्यापक तिच्याकडे बोट दाखवतात. ती नाटक, साहित्य आणि संगीत यांच्यापुरती आहे. चित्रपट तिच्यात बसत नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्यांदा अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयांची मार्गदर्शक पानं लागतात. मीही त्या फोननंतर रात्रभर तीच वाचली आणि उगाच घाबरलो. तिथला कायदा १९७६ चा. त्याच्या ११० व्या कलमातली सूट समोरासमोर शिकवण्यापुरती आहे: वर्ग, शिक्षक, विद्यार्थी आणि कायदेशीर प्रत. ऑनलाइन वर्गांसाठी २००२ मध्ये वेगळी आणि बरीच आखडती तरतूद झाली. फिल्म क्लबचा संध्याकाळचा शो त्या सवलतीत येत नाही. त्यासाठी सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क, तिथल्या बोलीत पीपीआर, वेगळा घ्यावा लागतो. स्टुडिओंच्या वतीने असे परवाने देणाऱ्या स्वँकसारख्या कंपन्या तिथे आहेत. माहितीपट विकणारे वितरक घरगुती आणि संस्थात्मक अशा दोन किमती लावतात, त्यांत कैक पटींचा फरक असतो. तो हक्क पदरात आहे की नाही हे तिथली ग्रंथालयं कॅटलॉगमध्येच नोंदवतात. त्यांच्याकडून ही नोंदीची सवय जरूर घ्या, पण त्यांची भीती घेऊ नका. तिकडची सूट वर्गाला बांधलेली आहे, आपली प्रेक्षकांना.

आणि आपल्याकडे प्रेक्षक ही फार सैल गोष्ट आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात गेटवर ओळखपत्र बघतात. आमच्याकडे कंपाउंडची भिंत एका बाजूने पडलेली आहे आणि मैदानातून बाजाराला जायची पायवाट आहे. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम असला की स्वातंत्र्यसैनिकांच्या घरची माणसं, पत्रकार, शेजारच्या शाळेची मुलं असे सगळे येतात आणि यावेतच. पण त्या दिवशी हैदराबाद संस्थानावरचा माहितीपट लावला तर तो शो खंड 'जे'च्या बाहेर जातो. माजी विद्यार्थ्यांचं काय, असं मला नेहमी विचारतात. व्यवस्थापनाचे सदस्य, बोलावलेले वक्ते हे संस्थेच्या कामाशी संबंधित म्हणता येतील. दहा वर्षांपूर्वी बी.ए. करून गेलेला आणि आता कृषी सेवा केंद्र चालवणारा माणूस त्यात बसवायचा म्हणजे शब्द फारच ताणावा लागतो. मी तरी ताणत नाही, सरळ परवानगी मागतो.

सगळ्यात जास्त घोळ राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात होतो. दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, दिवसा श्रमदान आणि रात्री मारुतीच्या पारासमोर चादर बांधून चित्रपट. शिबिर कॉलेजचा उपक्रम आहे हे खरं, पण पारावर बसलेलं गाव विद्यार्थी, कर्मचारी किंवा पालक यांपैकी काहीच नाही. कार्यक्रमाधिकारी आमचेच मित्र. ते म्हणतात, "अरे, खेड्यात कोण बघायला येतंय?" मी त्यांना कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची आठवण करून देतो. प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग केलेला फोटो, तारीख, अक्षांश-रेखांश आणि 'ग्रामस्थांची उपस्थिती ३००' असा अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर आपणच चढवतो. स्वतःविरुद्ध इतका नीटनेटका पुरावा दुसरं कोणी तयार करत नसेल. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. मुलांना भिती दाखवायला नाही, पण प्राचार्यांची परवानगीपत्रावर सही घ्यायला हे आकडे कामाला येतात.

ओटीटीचं प्रकरण वेगळं. तिथे कायद्याच्या आधी करार येतो. खातं उघडताना आपण ज्या अटींवर टिचकी मारतो त्यांत वैयक्तिक, अव्यापारी वापर एवढंच मान्य केलेलं असतं. यूट्यूबच्या अटींमध्ये तर व्हिडिओ सार्वजनिकरीत्या दाखवू नका असं उदाहरण देऊनच लिहिलं आहे. नेटफ्लिक्स आपल्या काही मोजक्या माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची एकवेळची मुभा देतं. कोणत्या, ते त्यांच्या संकेतस्थळावर त्या त्या शीर्षकाखाली लिहिलेलं असतं आणि तो खातेदारानेच आपल्या खात्यावरून दाखवायचा असतो. एखाद्या प्राध्यापकाच्या मेहुण्याच्या पासवर्डवर हॉल भरवू नका. टेलिग्रामवरून उतरवलेली प्रत असेल तर प्रेक्षक कितीही आपलेच असोत, मी प्रोजेक्टरची चावी देत नाही. यावरून माझं एकदोघांशी वाजलंही आहे.

जुने चित्रपट मात्र मोकळे होत जातात. प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. १९५३ च्या 'श्यामची आई'ची मुदत २०१३ अखेर संपली. १९६४ चे चित्रपट २०२५ उजाडताच मोकळे झाले. पण ही मुदत चित्रपटाची. त्याच्यातल्या कथेचा, गाण्यांचा हक्क वेगळा मोजला जातो, म्हणून गावात दाखवायचा असेल तर जुन्या चित्रपटालाही डोळे झाकून हात लावू नका.

आणखी एक गोष्ट कॉपीराइटशी संबंधित नसली तरी त्याच वेळी डोक्यात ठेवावी लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अकरावी-बारावी त्याच इमारतीत भरते. सेन्सॉर प्रमाणपत्राचा कायदा १९५२ चा, वेगळा. 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट कनिष्ठच्या मुलांसमोर लागता कामा नये आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चेही ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे झाले आहेत.

परवानगी मागायची कुणाकडे? कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. दिग्दर्शकाने फोनवर "दाखवा हो" म्हटलं तरी ते पुरत नाही. परवाना लेखी लागतो, ईमेल चालतो. माहितीपटांत बरेचदा दोघं एकच असतात, तिथे काम सोपं होतं. पत्रात तारीख, जागा, अंदाजे किती माणसं, त्यांत बाहेरची किती, तिकीट आहे का, प्रत कुठली, एकदाच दाखवणार की ग्रंथालयात कायम ठेवून दरवर्षी दाखवणार, हे सगळं लिहा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. कायमचा संस्थात्मक हक्क एकदाच घेतला तर दरवर्षीची पत्रापत्री वाचते. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा जुना साठा हवा असेल तर आता एनएफडीसीला, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाला लिहायचं; फिल्म्स डिव्हिजन, पुण्याचं चित्रपट संग्रहालय आणि बालचित्र समिती या सगळ्या तिच्यात विलीन झाल्या आहेत.

पैसे द्यायची वेळ आली की खरी गंमत होते. त्या बाईंकडून आम्ही रीतसर संस्थात्मक प्रत घ्यायचं ठरवलं, तर आमच्या अकाउंटंट साहेबांनी तीन कोटेशन मागितली. एका माणसाने काढलेल्या एकाच माहितीपटाची तीन कोटेशन कुठून आणायची? त्यात बाईंकडे जीएसटी क्रमांक नव्हता. शेवटी 'एकमेव पुरवठादार' असं त्यांचं पत्र, ग्रंथालय समितीचा ठराव आणि प्राचार्यांचा शेरा एवढ्यावर बिल निघालं. त्याला अडीच महिने लागले. तुमच्याकडेही हेच होणार, म्हणून ठराव वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्या.

प्रत आली की दाखल नोंदवहीत क्रमांक टाकून काम संपत नाही. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा असो की सोल, कॅटलॉगच्या मार्क नावाच्या ठरीव नमुन्यातल्या नोंदीत ५४० हे क्षेत्र वापराच्या अटींसाठीच आहे. तिथे साध्या मराठीत लिहा: 'कॉलेजबाहेरील प्रेक्षकांना दाखवण्याचा हक्क आहे, पत्र फाइल क्रमांक अमुक', किंवा 'फक्त विद्यार्थी-कर्मचारी'. पुढच्या ग्रंथपालाला तुमचा फोन नंबर सापडेलच असं नाही. आणि डीव्हीडीचं मागणीपत्र आम्ही नव्याने छापून घेतलं. त्यात विषय, विभाग यांच्या आधी एक रकाना आहे: पडद्यासमोर कोण बसणार?

मुक्तिसंग्राम दिनासाठीचं पत्र मी जुलैतच पाठवतो. गेल्या वर्षी तरीही उत्तर आलं नाही. पडदा गुंडाळून ठेवला आणि तालुक्यातल्याच एका आजोबांना रझाकारांच्या दिवसांतल्या आठवणी सांगायला बोलावलं. माईक दोनदा गेला, ते थांबले नाहीत. दीड तास बोलले. आम्ही सगळं रेकॉर्ड केलं. ग्रंथालयात त्याला दाखल क्रमांक देताना ५४० शी येऊन हात थांबला, कारण त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्यायची मीच विसरलो होतो. कागद घेऊन घरी गेलो. त्यांनी नातवाकडून तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हंजी म्या बोललेलं आता कालेजचं झालं का?" म्हटलं, नाही आजोबा, तुमचंच आहे. आम्ही फक्त आमच्या पोरांना दाखवणार, बाहेर कुठे दाखवायचं झालं तर पुन्हा विचारायला येणार. त्यांनी चष्मा लावला आणि निजामाच्या शाळेत शिकलेल्या उर्दूत सही केली.