हलक्या रायफलसाठी काडतूस कोणते घ्यावे?

सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांत वाढलेल्या माणसाला बंदूक नवी नसते. घरात शेतरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी असते आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तीच मंडळी किंवा त्यांची मुले स्विंडनला, लिस्बनला स्थायिक होतात, तिथल्या सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जाऊ लागतात आणि मग गावाकडच्या जाणत्याला फोन येतो: हलकी रायफल घ्यायची आहे, .३०८ घेऊ की ६.५ क्रीडमूर? हा लेख त्या फोनचे सविस्तर उत्तर आहे.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी मात्र उत्तर एका ओळीचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि शेतरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. गवा, आपला राज्यप्राणी, पहिल्या अनुसूचीत आहे, रानडुक्कर दुसऱ्या. शिवाय ७.६२ मिमी, म्हणजे .३०८ च्याच मापाचा, हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. तेव्हा पुढचे सगळे जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी, आणि त्यातही बहुतेक ब्रिटनमधल्यांसाठी समजावे. तिकडून सुटीवर येताना जॅकेटचे खिसे आणि पिशव्यांचे कप्पे दोनदा झटका. मोपा किंवा दाबोळीच्या स्कॅनरमध्ये एक विसरलेले काडतूस दिसले तरी शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभे राहू शकते.

आधी हे जाणून घ्या: ही सगळी भावंडेच

अमेरिकेत १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर बाजारात आले. त्याच पितळी केसचे (टरफलाचे) तोंड अरुंद करून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि १९८० मध्ये ७ मिमी-०८ रेमिंग्टन तयार झाले. ६.५ क्रीडमूर २००७ चे. त्याची केस थोडी आखूड आहे, बूड मात्र तेवढेच, त्यामुळे तेही त्याच छोट्या ॲक्शनमध्ये (काडतूस नळीत भरून बंद करणाऱ्या यंत्रणेत) बसते. छोटी ॲक्शन म्हणजे आखूड बोल्ट आणि थोडे कमी वजन. हलक्या रायफलसाठी .३०-०६ सारखी लांब काडतुसे सहसा मागे पडतात ती म्हणूनच.

आता खरा फरक पाहू. चारही रायफली २०० यार्डांवर झीरो केल्या (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवली) आणि ३०० यार्डांवर बार टाकला, तर नेहमीच्या कारखानी काडतुसांत गोळी नेमाच्या साधारण १८ ते २१ सेंटिमीटर खाली लागते. म्हणजे चौघांमधला फरक दोन-तीन सेंटिमीटरचा. ३०० यार्डांवर मैदानी पवित्र्यात उभ्या असलेल्या माणसाचा हात याहून जास्त हलतो. मासिकांत आणि व्हिडिओंत ज्या आकड्यांवरून भांडणे होतात, ते बहुतेक हेच आकडे. तक्त्यांत फार वेळ घालवू नका. ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पायरी १: जनावर आणि तिथला कायदा

इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या हरणांसाठी, रो या लहानखुऱ्या हरणासकट, कायद्याची अट आहे: कॅलिबर (नळीच्या आतला व्यास) किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड. स्कॉटलंडमध्ये रो सोडून इतर हरणांना १७५० फूट-पाउंड लागतात आणि वेगाचीही अट आहे. गोळीच्या वजनाची तिथली किमान मर्यादा पूर्वी १०० ग्रेन (सुमारे साडेसहा ग्रॅम) होती. तांब्याच्या, बिनशिशाच्या गोळ्या वापरता याव्यात म्हणून २०२३ मध्ये ती ८० ग्रेनवर आणली.

कागदावर चौघेही या अटींत बसतात. पण हलकी रायफल घेणाऱ्याने इथेच थांबून एक हिशेब करावा. डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी तिथे सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. हलक्या, आटोपशीर रायफलला नळी बऱ्याचदा १८ इंचांची असते. दर इंचामागे साधारण ९ मीटर वेग घटतो असे धरले, तर सहा इंचांत ५० हून अधिक मीटर गेले. उरलेली ऊर्जा १७२० फूट-पाउंडांच्या आसपास येते. इंग्लंडमध्ये तुम्ही काठावर पास, स्कॉटलंडमध्ये नापास. दुकानदार हे आपणहून सांगेल याचा भरवसा नाही. .२४३ घ्यायचीच असेल, तर नळी २२ इंचांची घ्या, किंवा आखूड नळीतून निघणारा वेग क्रोनोग्राफवर मोजून घ्या. बाकी तिघांत एवढी जागा आहे की आखूड नळीतही ही काळजी नको.

पोर्तुगालमध्ये हाकारा घालून उठवलेले रानडुक्कर जवळून आणि पळताना मारायचे असते. तिथे जड गोळीची .३०८ सरस.

पायरी २: धक्का, आणि फक्त तुमच्या रायफलच्या वजनाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बार उडाल्यावर रायफल मागे येते ती ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. काडतूस तेच ठेवून रायफल चार किलोंवरून तीनवर आणली की धक्का एक-तृतीयांशाने वाढतो. तीन किलो म्हणजे दुर्बीण, तिच्या रिंगा आणि पट्टा धरून. कॅटलॉगमधले वजन नुसत्या रायफलचे असते. दुर्बीण आणि रिंगांचे पाचशे-सहाशे ग्रॅम त्यात मिळवा.

तीन किलोंच्या रायफलमध्ये, नेहमीची गोळी आणि दारूचे नेहमीचे वजन धरून, मोघम हिशेब असा येतो: .३०८ चा धक्का २४ जूल, ७ मिमी-०८ चा २१, ६.५ क्रीडमूरचा २०, .२४३ चा १४. आणि चार किलोंच्या रायफलमध्ये .३०८ चा? १८. म्हणजे मित्राच्या जड रायफलमधून .३०८ चे दहा बार आरामात टाकून आलात आणि त्या जोरावर हलकी .३०८ विकत घेतली, तर हाती वेगळेच जनावर येणार. हलक्या रायफलमधली ६.५ सुद्धा त्या जड .३०८ पेक्षा जोरात लाथ मारते.

धक्क्याने खांदा दुखतो हे खरे दुखणे नव्हे. तिसऱ्या-चौथ्या बारानंतर माणूस घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि गोळी हरणाच्या पोटात लागते. आमच्याकडच्या जुन्या मंडळींना हे कबूल करायला जड जाते. त्यांच्यात धक्का सोसणे हा पुरुषार्थ. त्यांचे ऐकू नका.

ब्रिटनमध्ये नळीच्या तोंडावर मॉडरेटर लावायची रीत आहे. त्याने आवाज कमी होतो आणि धक्काही उतरतो. पण त्याचे वजन पुढच्या टोकाला येते, त्यामुळे दुकानात हातात घेताना तो लावूनच तोल पाहा.

पायरी ३: दुकानाची फळी

तुम्ही राहता तिथल्या दोन-तीन दुकानांत जा आणि रायफलविषयी नंतर, काडतुसांविषयी आधी विचारा. कोणत्या कॅलिबरचे किती प्रकार फळीवर आहेत? ७ मिमी-०८ हे हलक्या रायफलसाठी कागदावरचे सर्वांत समतोल काडतूस आहे असे मला वाटते, पण बऱ्याच दुकानांत त्याचे एक-दोनच प्रकार असतात, तर .३०८ आणि .२४३ चे डबे ओळीने लागलेले. तिकडच्या परवान्यावर कॅलिबर लिहिलेले असते. नंतर बदलायचे तर पुन्हा अर्ज.

तांब्याच्या गोळ्याही त्याच वेळी पाहून ठेवा, कारण शिशावरची बंधने वाढत आहेत. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि लांब गोळीला स्थिर फिरवायला नळीतला पीळ (आतल्या वळणदार खाचा) घट्ट लागतो. जुन्या .२४३ रायफलींचा पीळ बहुधा दहा इंचांत एक फेरा असतो. त्यांत लांब गोळ्या नीट चालतीलच असे नाही. ६.५ क्रीडमूरच्या नळ्या पहिल्यापासून आठ इंचांच्या पिळाच्या, त्यांना ही अडचण येत नाही.

मग घ्यायचे कोणते?

रो आणि मुंटजॅक (भेकर) एवढेच करायचे असेल आणि तुम्ही नवखे असाल, तर .२४३, पण लांब नळीची. स्कॉटलंडचे लाल हरीणही मनात असेल तर ६.५ क्रीडमूर. जवळच्या दुकानात ७ मिमी-०८ चे तीन-चार प्रकार मिळत असतील तर तेही तितकेच चांगले, आणि मी तेच उचलीन. .३०८ तेव्हाच, जेव्हा रायफल साडेतीन किलोंच्या वर जायला हरकत नाही किंवा रानडुक्कर हेच मुख्य काम आहे.

पायरी ४: घेतल्यावर

तीन वेगवेगळ्या मेकची काडतुसे एकेक डबा आणा. हलक्या रायफलची नळी बारीक असते आणि लगेच तापते. तापली की गोळ्या सरकत जातात. म्हणून तीन बार टाकून नळी थंड होऊ द्या, मग पुढचा मेक. दहा बारांच्या गटाचा इथे उपयोग नाही. शिकारीत थंड नळीचा पहिला बार मोजला जातो, तेव्हा वेगवेगळ्या दिवशीचे पहिले बार एकाच कागदावर नोंदवत जा. जो मेक हे पहिले बार एकमेकांच्या जवळ टाकतो तो तुमचा.

या भावंडांची काडतुसे दिसायला इतकी सारखी की टेबलावर दोन कॅलिबरचे डबे एकाच वेळी उघडे ठेवू नयेत. .३०८ च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) .२४३ आत जाऊ शकते, आणि तसा बार उडाला तर केस फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. मित्राबरोबर रेंजवर गेलात तर त्याचा डबा त्याच्या टेबलावर, तुमचा तुमच्या.

मेक ठरला की त्याच लॉटचे (कारखान्याच्या एकाच खेपेचे) चार-पाच डबे एकदम घ्या. लॉट बदलला की झीरो पुन्हा तपासा.