पाचनईने की खिरेश्वरने?

जून उजाडला की सोसायटीतले लोक मला जिन्यात गाठतात. "काकू, एखादा सोपा गड सांगा ना." आता सोपा गड काय सांगणार? सोपी-अवघड असते ती वाट. हरिश्चंद्रगडच घ्या. पायथ्याच्या पाचनई गावाहून गेलात तर आठ वर्षांचं पोरगंही दोन-अडीच तासांत देवळापाशी पोचतं. खिरेश्वरकडून तोलार खिंडीने चढलात तर रेलिंग धरून चढायचा कातळटप्पा लागतो आणि वर पठारावरच्या टेकड्या संपता संपत नाहीत. कोकणातून नळीच्या वाटेने येणारे वेगळ्याच जातीचे. तिथे दोर हवा, माहितगार हवा. गडाचा कोकणाकडे तुटलेला तो उभा कोकणकडा मात्र तिघांनाही तोच दिसतो.

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पण पायथ्याचं बारी मुळातच उंचावर वसलेलं, वाट मळलेली, कातळ आला की लोखंडी शिड्या. दमछाक होते, वाट चुकत नाही. कलावंतीण सुळका उंचीला त्याच्या निम्म्याहून कमी, पण तिथल्या कोरीव पायऱ्यांना कठडा नाही आणि बाजूला सरळ दरी. ज्याचे डोळे फिरतात त्याला तिथे नेऊ नये, मग तो रोज जिमला का जाईना.

मी माणूस जोखते तो उतरताना. चढताना लागलेला दम पाच मिनिटं टेकलं की जातो, गुडघे तसे ऐकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी नणंदेला गुंजवण्याकडून राजगडावर नेलं. चोरदरवाज्यापर्यंत ती माझ्यापुढे होती! उतरताना घसारा आला, मुरमाचे खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरायला लागले आणि बाईंनी जी बैठक मारली ती मारलीच. एक हात कारवीच्या झुडपाला, दुसरा माझ्या ओढणीला, अशी बसून बसून खाली आली. दीड तासाच्या उतरणीला साडेतीन तास. चूक माझी. पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट मला ठाऊक होती, पण गाडी गुंजवण्यात लावणं सोयीचं वाटलं.

तेव्हापासून नवख्याला आधी आतकरवाडीतून सिंहगड चढायला लावते. वर किती वेळात पोचला हे विचारतेच, पण दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरला हे आधी विचारते. कठड्याला धरून उतरला असेल तर त्याला लोहगड किंवा कोरीगड. दोन्हीकडे पायऱ्या आहेत, आणि पावसाळ्यात लोहगडाच्या विंचूकाट्यावर, म्हणजे त्याच्या लांब चिंचोळ्या माचीवर, ढग अक्षरशः पायाखालून जातात. नीट उतरला असेल तर राजगड, पालीकडून.

राजमाचीबद्दल एक सांगते, कारण तिथे लोक हमखास फसतात. लोणावळ्याहून वाट जवळपास सपाट म्हणून आजी-आजोबांना नेतात. अहो, पण ती पंधराएक किलोमीटर आहे! चढ नसला तरी तळव्यांची सालटी निघतात. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट अंतराने कमी, पण खडी.

आणि पायथ्याला वेळ विचारलीत तर उत्तर दुप्पट करून धरा. "हे काय, अर्ध्या तासावर," असं सांगणारी मावशी तोच चढ डोक्यावर मोळी घेऊन चढते.