घोड्यांच्या सोबतीला लहान तट्टू घेताय? या चुका टाळा

दोन-चार घोडे असलेल्या पागेत सोबतीसाठी लहान तट्टू आणण्याची गरज बहुधा एकाच कारणाने पडते. बाकीचे घोडे रपेटीला गेले की मागे राहिलेला घोडा वैरण सोडतो, कुंपणालगत येरझाऱ्या घालून घामाघूम होतो आणि ते परत येईपर्यंत खिंकाळत राहतो. घोडा हा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि एकटेपणाचा त्याला खरोखरच त्रास होतो; त्यामुळे कमी खाणारे आणि कमी जागेत राहणारे तट्टू सोबतीला ठेवण्याचा विचार मुळात योग्यच आहे. चुका होतात त्या तट्टू निवडताना आणि ते आणल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

रूप पाहून निवड करणे

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा बाजार असो किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो, तेथे गिऱ्हाईक आधी रंग पाहते, भोवरे पाहते, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरे) आहे का ते पाहते. सोबतीच्या तट्टूसाठी यांतील एकाही गोष्टीचा उपयोग नाही. त्याला एकच काम नीट जमायला हवे, ते म्हणजे घोडे जवळ असताना त्यांच्यात मिसळणे आणि ते निघून गेले तरी शांतपणे चरत राहणे. अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) लावून रांगेत बांधलेल्या तट्टूत हा गुण दिसूच शकत नाही.

म्हणून शक्य असेल तर बाजारात सौदा पक्का करू नये. विक्रेत्याच्या घरी जाऊन तट्टू त्याच्या रोजच्या जागी मोकळे पाहावे. त्याच्या सोबतचे जनावर पंधरा-वीस मिनिटे नजरेआड न्यायला सांगावे आणि मग नीट निरीक्षण करावे. थोडे खिंकाळून पुन्हा चाऱ्यात तोंड घालणारे तट्टू चालेल. जे सतत धावत राहते आणि पातळ शेण टाकू लागते, ते आणल्यास पागेत एकाऐवजी दोन घाबरट जनावरे होतील. त्यानंतर उलट परीक्षाही करावी: तट्टूलाच मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी) लावून इतरांपासून दूर न्यावे आणि ते किती विरोध करते ते पाहावे.

भीमा-नीरेच्या पट्ट्यातील भीमथडी घोडी या कामासाठी जरूर विचारात घ्यावीत. धनगरांच्या वाड्याबरोबर (फिरत्या तळाबरोबर) बिऱ्हाड वाहून नेत, मेंढ्या आणि कुत्र्यांच्या गराड्यात वाढलेले हे जनावर काटक असते आणि त्याला इतर जनावरांच्या संगतीची सवय असते. दुर्दैवाने बाजारात उंच, उमद्या घोड्यांपुढे त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

खच्ची न केलेला नर आणणे

लहान चणीचा आहे म्हणून नर निरुपद्रवी ठरतो, हा समज चुकीचा आहे. तो घोड्यांवर धावून जातो, घोड्यांची एकमेकांशी भांडणे लावतो आणि उंचीत बराच फरक असला तरी उतारावरील जमिनीवर त्याच्याकडून घोडी गाभण राहू शकते. मग पुढील सुमारे अकरा महिने त्या घोडीची वेगळी काळजी घ्यावी लागते. खच्ची केलेला नर किंवा शांत, वयस्क घोडीच निवडावी. नुकतेच खच्ची केले असेल तर नराला किमान सहा आठवडे घोड्यांपासून आणि विशेषतः घोडीपासून दूर ठेवावे. त्यानंतरही तो वळूसारखा वागत असेल, तर एक अंड पोटात राहिले आहे का, याची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी.

सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवणे

घोड्याचे पुढचे कायमचे दात साधारण पाच वर्षांत पूर्ण होतात, आणि वरच्या जबड्यातील कडेच्या दातावर हिरडीपासून उतरणारी खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते. सोबतीच्या तट्टूचे वय जास्त असणे हा दोष नव्हे. बारा-पंधरा वर्षांचे समजूतदार तट्टू तीन वर्षांच्या शिंगराहून कितीतरी बरे. मात्र त्याला चावता येते का, ते पाहिलेच पाहिजे. त्याच्यासमोर मूठभर कडबा टाकावा आणि ते खात असताना तेथेच उभे राहावे. अर्धवट चावलेल्या, लाळेने भिजलेल्या चोथ्याच्या गुठळ्या तोंडातून खाली पडत असतील, तर दाढा झिजलेल्या तरी आहेत किंवा त्यांच्या कडा धारदार तरी झाल्या आहेत.

रक्ततपासणी आणि विलगीकरण टाळणे

ही चूक सर्वांत महाग पडते. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा, सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. 2006 साली तो महाराष्ट्रातच पुन्हा आढळला होता, आणि बाधित जनावर नष्ट करण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. खरेदीपूर्वी पशुवैद्यकाकरवी रक्ताचा नमुना तपासून घ्यावा. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात अशी तपासणी होते. घोडमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

तपासणी निर्दोष आली तरी नवे तट्टू किमान तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवावे. त्याची बादली, खरारा (अंग घासायचा ब्रश) आणि मोहरकी वेगळी असावी, आणि मोतद्दाराने (घोड्यांची निगा राखणाऱ्याने) त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. जबड्याखाली गाठ येणे किंवा नाकातून घट्ट स्राव वाहणे यांपैकी काहीही दिसले तर मुदत वाढवून पशुवैद्यकाला बोलवावे.

पहिल्याच दिवशी कळपात सोडणे

मोठ्या घोड्याची लाथ दुसऱ्या घोड्याच्या मांडीला किंवा छातीला लागते; लहान तट्टूच्या बाबतीत तीच लाथ डोक्यावर किंवा जबड्यावर बसते. म्हणून आधी काही दिवस मजबूत कुंपणापलीकडून ओळख होऊ द्यावी. नंतर कळपातील सर्वांत शांत घोड्यासोबत तट्टूला मोकळे सोडावे, आणि त्यांचे जमल्यावरच बाकीचे एकेक करून आणावेत. तेवढ्या काळापुरते घोड्यांचे मागचे नाल काढून ठेवणे उत्तम. कान पाडणे, दात दाखवणे, थोडा पाठलाग करणे हे सर्व चालायचेच. पण तट्टूला कोपऱ्यात गाठून लाथा मारल्या जात असतील किंवा त्याला पाण्यापर्यंत जाऊच दिले जात नसेल, तर लगेच वेगळे करावे. वैरणीचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा एक जास्त आणि एकमेकांपासून दूर ठेवावेत. पाण्याचे हौदही दोन असावेत. हौदाची कड तट्टूला पोहोचेल इतकी खाली आहे का, आणि कुंपणाच्या खालच्या आडव्या बांबूखालून ते निसटणार नाही ना, हेही आधीच पाहावे. काटेरी तार कोणत्याही घोड्यासाठी नकोच.

सर्वांना एकच चारा देणे

काटक जातीची तट्टे थोड्याशा चाऱ्यावर लठ्ठ होतात, आणि पावसाळ्यातील कोवळे हिरवे गवत व मोठ्या घोड्यांची उरलेली चंदी (दाणा) मिळाली तर त्यांना खुरांचा दाह होण्याचा मोठा धोका असतो. पुढच्या पायांवरचा भार टाळत मागे झुकून उभे राहणे, खूर गरम लागणे आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे नाडी जोरात उडणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसताच हिरवा चारा व चंदी बंद करून तट्टूला मऊ जमिनीवर उभे करावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवावा. घोड्यांना चंदी तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या पिशवीतून) किंवा बांधूनच द्यावी, म्हणजे तट्टूला त्यात तोंड घालता येत नाही. लठ्ठ तट्टूला बारीक करण्यासाठी रोज शरीराच्या वजनाच्या 1.5 टक्के वैरण हे प्रमाण सुरक्षित मानले जाते, म्हणजे 200 किलो वजनाच्या तट्टूला दिवसाला सुमारे तीन किलो कोरडी वैरण. त्याला उपाशी मात्र कधीही ठेवू नये, कारण लठ्ठ तट्टूचा चारा अचानक तुटला तर शरीरातील चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होऊ शकते. नव्या जागेच्या धास्तीने चारा सोडलेल्या तट्टूलाही हाच धोका असतो, त्यामुळे एक दिवसही वाट पाहू नये.

तट्टूची आणि एका घोड्याची अति जवळीक

काही महिन्यांनी असे दिसते की तट्टू एकाच घोड्याला चिकटले आहे आणि तो घोडा आता त्याच्याशिवाय पागेबाहेर पाऊल टाकत नाही. यावर उपाय म्हणजे दोघांना पहिल्या आठवड्यांपासूनच रोज थोडा वेळ वेगळे करणे. कधी घोडा बाहेर न्यावा, कधी तट्टू, आणि दोन्ही वेळी मागे राहणाऱ्यापुढे वैरण असावी. तरीही कळपाने तट्टूला स्वीकारलेच नाही, तर ते परत घेण्याची अट विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळीच लिहून घेतलेली असावी आणि तिची मुदत विलगीकरणाचे तीन आठवडे संपल्यानंतर सुरू व्हावी.