कुत्र्यांच्या पोटातल्या रक्तवाहिन्यांवर थीसिस घेताय? आधी वजनाचं बघा

परभणी, उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजचे ज्युनिअर सारखं विचारायलेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझा विषय होता पोटातली एओर्टा (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) आणि तिच्या फांद्या, तुलना कवटीच्या प्रकारांत, म्हणजे पगसारखी बसक्या तोंडाची कुत्री, गावठी किंवा लॅबसारखी मधली, आणि आपल्या लातूरकडची कारवानी, पश्मी ही लांब तोंडाची. विषय लई चांगला आहे, घ्याच.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न हमखास येतो, डोक्याचा पोटाशी काय संबंध? थेट काहीच नाही. कवटी ही ब्रीडच्या सगळ्या ठेवणीची एक खूण आहे, आणि खरी गोम वजनात आहे. पगची एओर्टा कारवानीपेक्षा बारीक निघणारच, त्यात कवटीचं काय? म्हणून व्यास नुसता मिलिमीटरमध्ये देऊ नका, फांद्यांचं एओर्टाशी नाहीतर लंबर (कमरेच्या) मणक्याच्या लांबीशी गुणोत्तर काढा. आणि जमलं तर बसक्या तोंडाचा पण मोठा बॉक्सर, लांब तोंडाचा पण छोटा डॅशहुंड असे नमुने मिळवाच, तेव्हाच आकाराचा परिणाम वेगळा दिसतो. पोर्टोसिस्टेमिक शंटचंच (आतड्याकडचं रक्त लिव्हर टाळून पुढं नेणारी चुकीची वाट) बघा, छोट्या ब्रीडमध्ये बहुतेक लिव्हरच्या बाहेर आणि मोठ्यांत आत, तिथं तोंडापेक्षा आकारच बोलतो.

कवटीचा प्रकार ब्रीडच्या नावावरून लिहू नका, झायगोमॅटिक रुंदी (गालाच्या हाडांपाशी कवटीची रुंदी) भागिले कवटीची लांबी गुणिले 100, हे प्रत्येक नमुन्यात मोजा, गावठी कुत्र्यात तर फारच फरक असतो.

आता डिसेक्शन. मालकाची लेखी परवानगी आधी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बॉडी काही तासांतच फुगते, त्यामुळं फोन आला की सगळं सोडून पळायचं. कॅरोटिडमधून (मानेतली धमनी) आधी पाणी सोडून रक्त धुवा, मग बॉडी टिकवायला फॉर्मलीन, मग धमन्या भरायला लाल लेटेक्स (पातळ रबर). डावी बाजू वर ठेवून उघडा. सिलिअॅक आणि क्रेनियल मेसेंटेरिक (जठर-लिव्हर आणि आतड्याकडं जाणाऱ्या एओर्टाच्या फांद्या) एकमेकींच्या अगदी जवळून निघतात, साधारण पहिल्या लंबरपाशी, आणि त्यांच्या मुळाशी पांढुरकं चिवट गँगलियन (नसांची गाठ) असतं, ते फॅट समजून ओढू नका, बोथट फोर्सेप्सनं हळूहळू सोडवा. डाव्या किडनीला दोन आर्टरी (धमन्या) असणं कुत्र्यात उजवीपेक्षा जास्त सापडतं, त्यामुळं हायलसची (किडनीत रक्तवाहिन्या शिरतात ती खाच) चरबी काढताना बोटानं चाचपत जा आणि प्रत्येक फांदीला दोरा बांधा. हे पुढं सर्जनच्या कामाचं आहे, नेफ्रेक्टॉमीत (किडनी काढायच्या ऑपरेशनमध्ये) दुसरी आर्टरी सुटली तर पोट रक्तानं भरतं.

आर्टरी कुठल्या मणक्यापाशी निघते ती लेव्हल लिहिण्याआधी मणके मोजा, 13 थोरॅसिक (छातीचे), 7 लंबर. पग, बुलडॉगमध्ये मणक्यांच्या गडबडी बऱ्याच असतात, एक मणका चुकला की आर्टरी उगाच खाली सरकल्यासारखी वाटते आणि तुम्ही त्याला ब्रीडचा फरक म्हणून मोकळे होता. एक्स-रे आधीच काढून ठेवला तर हा घोळच होत नाही.